उलटलेली पापणी : खुपऱ्यांच्या रोगाचा आढावा

एकाच रोगाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर त्या रोगाच्या स्वरूपाचा निम्मा परिचय कित्येकदा तेथेच होऊन जातो. ग्रीक वैद्यांनी पापणीच्या आतल्या बाजूस होणाऱ्या ज्या विकाराला ‘ट्रॅकोमा’ म्हटले, त्या शब्दाचा अर्थ खरखरीतपणा. म्हणजे त्यांनी तो बोटाने ओळखला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांच्या एकवीस रोगांची जी गणना आहे, तीत ‘पोथकी’ येते, आणि स्रवणाऱ्या, खाजणाऱ्या, जडपणा व ठणका आणणाऱ्या, तांबड्या मोहरीसारख्या पुटकुळ्या असे तिचे वर्णन केलेले आहे. अशा पुटकुळ्या पापणी उलटल्यावाचून नजरेस पडत नसल्याने, आपल्या प्राचीन शल्यतंत्रज्ञांनी ती उलटून पाहिली होती असे मानावयास हरकत नाही. मराठीने मात्र रोग्याची बाजू घेतली. ‘खुपऱ्या’ या शब्दाचा ‘खुपणे’ या क्रियापदाशी संबंध असो वा नसो, त्याचा निर्णय कोशकारांनी करावा; परंतु ज्याच्या डोळ्यांत हा रोग मुरला आहे, त्याची सारी कैफियत त्या एका शब्दात कानांना ऐकू येते, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, या रोगाने माणूस आंधळा होतो तो या खुपण्यानेच होतो.

नेत्राच्या दीर्घकालीन दाहविकारांत खुपऱ्यांचे स्थान अनेक दृष्टींनी निराळे आहे. संसर्गजन्य कारणांनी येणाऱ्या अंधत्वात जगभर त्यांचाच क्रमांक पहिला लागतो. इजिप्तमधील एबर्स पपायरस या इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या वैद्यकग्रंथातही त्यांच्याशी जुळणाऱ्या विकाराचे उपचार नोंदलेले आहेत. आणि तरीही आज आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरास विचारले, तर त्याने हा रोग बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. ही स्थिती अर्थातच आनंदाची आहे. परंतु या रोगाला दोन आयुष्ये असतात, एक बालपणातले व दुसरे उतारवयातले, आणि पहिले संपले म्हणजे दुसरेही संपले असे समजण्याची चूक वैद्यांपासून सरकारी दफ्तरापर्यंत सर्वांकडून होऊ शकते. प्रस्तुत लेखात या रोगाची ओळख व उपचार यांचा जो विचार करावयाचा आहे, तो मुख्यतः या दुहेरीपणाच्या अनुरोधाने करावयाचा आहे.

रोगाच्या कारणाचा शोध ही एक लांबलेली व काहीशी दुःखद कथा आहे. १९०७ साली हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक हे दोन संशोधक जावा बेटावर वास्तविक उपदंशाच्या अभ्यासासाठी गेले होते. तेथे खुपऱ्या झालेल्या रोग्याच्या पापणीतील खरवड घेऊन त्यांनी ती ओरांगउटानांच्या डोळ्यांत घातली आणि त्या पेशींच्या आत, केंद्रकाला टोपीसारखे चिकटलेले, सूक्ष्म कणांचे पुंजके त्यांना दिसले. पुंजके दिसले, पण ते निर्माण करणारा जंतू हाती लागेना. कारण तो पेशीच्या बाहेर वाढतच नाही. १९२७ मध्ये रॉकफेलर संस्थेतील नोगुची यांनी एका साध्या जीवाणूला कारण ठरवून टाकले, आणि त्यांच्या कीर्तीच्या बळावर ते मत काही वर्षे चालले. परंतु इतरांच्या प्रयोगशाळेत ते टिकले नाही. अखेर पेकिंगमध्ये तांग फेइफान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणाच्या पीतककोशात हा जंतू वाढवून दाखविला, १९५७ साली त्याचे वृत्त प्रसिद्ध केले, आणि शंकेला जागा राहू नये म्हणून पुढच्याच वर्षी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेऊन, उपचार न करता, रोगाची वाढ नोंदवून ठेवली. ज्या वर्षी त्यांनी हे केले, त्याच वर्षी राजकीय छळाला कंटाळून त्यांनी आत्महत्या केली. आज आपण ज्याला क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस म्हणतो आणि ज्याच्या ए, बी, बीए व सी या उपजाती डोळ्यांना ग्रासतात, तो जंतू जगाला अशा रीतीने मिळाला. विषाणू नव्हे, पण विषाणूसारखाच पेशीच्या आश्रयावाचून न जगणारा असा हा जीवाणू असल्याने त्याच्यावर प्रतिजैविके चालतात, ही गोष्ट व्यवहारात सर्वांत महत्त्वाची ठरली.

आता हा जंतू करतो काय? एकदा झालेल्या संसर्गाने बहुधा कोणीही आंधळे होत नाही. लहान मुलाच्या डोळ्यात जंतू शिरतो, वरच्या पापणीच्या अस्तरात, म्हणजे नेत्रश्लेष्मलेत, शरीराचे संरक्षक दल जमा होते, पांढुरके-पिवळसर दाणे उठतात, थोडी चिपडे येतात, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सारे शमते, आणि मुलाची तक्रार इतकी किरकोळ असते की आई त्याला घेऊन कोणाकडेही जात नाही. परंतु धाकट्या भावंडाच्या डोळ्यातून, एकाच अंथरुणावरून, सर्वांची तोंडे पुसणाऱ्या एकाच पदराच्या टोकातून तो जंतू पुन्हा परततो. पुन्हा दाह, पुन्हा दाणे. आणि असे दहा-वीस-पन्नास वेळा झाले म्हणजे दाहाच्या जागी व्रणाचे पांढरे धागे विणले जाऊ लागतात. ओल्या चामड्याचा तुकडा वाळताना जसा एका बाजूस आकसतो, तशी ही व्रणित पापणी वर्षानुवर्षे आतल्या बाजूस आकसत जाते, तिची कड वळते, आणि जे केस डोळ्याच्या रक्षणासाठी निर्माण झाले तेच बुबुळावर घासू लागतात. मनुष्य दिवसातून हजारो वेळा पापणी मिटतो. प्रत्येक मिटण्यासरशी हे घर्षण होते. त्यातून पारदर्शक पटलावर ओरखडे, त्यांत दुसऱ्या जंतूंचा शिरकाव, मग आपल्याकडे ज्याला ‘फूल पडणे’ म्हणतात ती अपारदर्शक पांढरी खूण, आणि शेवटी अंधार. पहिल्या दाण्यापासून या फुलापर्यंतचा प्रवास वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचा असतो, आणि त्याच्या उत्तरार्धात मूळ जंतू डोळ्यात शोधूनही सापडत नाही. गुन्हेगार परागंदा झाल्यावरही शिक्षा चालूच राहावी, असा हा मामला आहे.

रोग ओळखण्याच्या बाबतीत पहिली व जवळजवळ शेवटची अट एकच : वरची पापणी उलटली पाहिजे. रुग्णाला खाली पाहावयास सांगून, वरच्या पापणीचे केस अंगठा व तर्जनीत हलकेच धरून, पापणीच्या वरच्या भागावर एखादी काडी किंवा दुसऱ्या हाताचे बोट टेकवून ती पालटावयाची. सरावाच्या हाताला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि दुखत जवळजवळ नाही. निरोगी पापणीचे अस्तर गुलाबी, ओलसर व गुळगुळीत असून त्यातून उभ्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. १९८७ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षेत्रावरील कार्यकर्त्यांसाठी जी सुलभ वर्गवारी ठरविली, तिच्याप्रमाणे या अस्तराच्या मध्यभागी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असे पाच वा अधिक दाणे आढळले, तर रोग सक्रिय धरावा. दाहाने अस्तर इतके जाडावले असेल की निम्म्याहून अधिक रक्तवाहिन्या झाकून जाव्यात, तर तो तीव्र समजावा. त्यानंतर पांढऱ्या रेषांचे व्रण, मग डोळ्याला टेकणारा निदान एक तरी केस, आणि शेवटी बुबुळाच्या मध्यावर आलेली अपारदर्शकता, असे हे पाच टप्पे आहेत. दोन-अडीच पट मोठे दाखविणारे भिंग आणि चांगला उजेड एवढ्या सामग्रीवर गावच्या शाळेच्या व्हरांड्यात ही तपासणी होऊ शकते. आणि एखादी वर्गवारी तज्ज्ञाने आपल्या खोलीत बसून केलेली आहे की उन्हात उभ्या असलेल्या माणसासाठी केलेली आहे, हे ओळखण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच्या पूर्वी प्रचलित असलेली वर्गवारी मॅकॅलन या इंग्रज नेत्रवैद्याची, १९०८ ची. इजिप्तमध्ये तंबूंची फिरती नेत्ररुग्णालये चालवीत असताना त्यांनी रोगाच्या चार अवस्था ठरविल्या आणि त्या अर्धशतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिल्या. इजिप्तचा व या रोगाचा संबंध युरोपीयांना नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीने जाणवला होता. नाईलच्या काठावरून परतलेल्या फ्रेंच व इंग्रज पलटणींनी डोळ्यांचे दुखणे मायदेशी नेले, आणि १८०५ साली लंडनमध्ये जे नेत्ररुग्णालय निघाले व पुढे मूरफील्ड्स या नावाने जगप्रसिद्ध झाले, त्याच्या उदयाला हे परतलेले सैनिक बऱ्याच अंशी कारण झाले. त्यानंतर १८९७ पासून अमेरिकेने हा रोग असलेल्या परदेशीयांस आपल्या भूमीवर उतरू न देण्याचे ठरविले, आणि न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बुटांची बटणे लावण्याच्या आकड्याने आगंतुकांच्या पापण्या उलटून पाहणारे वैद्य उभे राहू लागले. ज्यांना त्या रांगेतून परत पाठविले गेले, त्यांतील किती जणांना खरोखर हाच रोग होता, हा प्रश्न आजही विचारावासा वाटतो. कारण दाणे दिसले म्हणजे खुपऱ्याच, असे मुळीच नाही.

येथेच निदानाचा खरा कस लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात जी ‘डोळे येण्याची’ साथ पसरते, तिच्यात डोळा लालबुंद होतो, पाणी गळते, आठवड्या-दोन आठवड्यांत दुखणे ओसरते; खुपऱ्यांत डोळा इतका लाल नसतो आणि दुखणे महिनोन्महिने रेंगाळते. काही विषाणुजन्य दाहांतही दाणे उठतात, पण ते बहुधा खालच्या पापणीत अधिक. खुपऱ्यांचे वरच्या पापणीत. सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ऋतुजन्य वावड्याच्या विकाराशी : उन्हाळा आला म्हणजे शाळकरी मुलांचे, त्यांतही मुलग्यांचे, डोळे अनावर खाजू लागतात, तारेसारखा चिकट स्राव येतो, आणि वरची पापणी उलटली तर फरसबंदीच्या दगडांसारखे चपटे, मोठे उंचवटे दिसतात. या मुलांनाही घरोघरी ‘खुपऱ्या झाल्या’ असेच म्हटले जाते. त्यांचा विकार संसर्गजन्य नसतो, त्यांना प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. उलट औषधांच्या दुकानातून कोणाच्याही चिठ्ठीवाचून आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब महिनोन्महिने घालत राहिल्याने त्यांच्यापैकी काहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो व काचबिंदू होतो. एका शब्दाच्या ढिलेपणाने एवढे होऊ शकते. रांजणवाडी तर पापणीच्या कडेस येणारी, दोन-चार दिवसांत पिकून फुटणारी गाठ. तिचा येथे संबंध नाही.

खुपऱ्या होऊन गेल्याची एक खूण मात्र अशी आहे की ती दुसऱ्या कोणत्याही रोगात सहसा सापडत नाही, आणि तिचा संबंध मुंबईशी आहे. बुबुळाच्या वरच्या कडेलाही सक्रिय रोगात दाणे येतात. ते विरले म्हणजे तेथे लहान लहान, गोलसर, पारदर्शक खळगे कायमचे राहून जातात. या खळग्यांना ‘हर्बर्टचे खळगे’ म्हणतात. हे हर्बर्ट इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी असून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रचिकित्सा शिकवीत, आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी या खुणेचे वर्णन प्रसिद्ध केले. पन्नास वर्षांपूर्वी बरा झालेला रोगही त्या खळग्यांवरून आज वाचता येतो. जुन्या सनदेवरील शिक्का पुसला गेला तरी कागदावर त्याचा दाब राहावा, तसे ते आहेत. नेत्रविज्ञानाच्या जागतिक पाठ्यपुस्तकांत मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागाने घातलेली ही भर आपल्याकडील फार थोड्यांना ठाऊक असावी.

उपचारांचा इतिहास पाहू गेल्यास दोन हजार वर्षे माणसाने या रोगावर एकच गोष्ट केली असे म्हणावे लागते : खरवडणे. सुश्रुताने पोथकीची गणना लेख्य, म्हणजे खरवडण्याजोग्या रोगांत केली असून, पापणी उलटून, शेकून, शस्त्राने अथवा खरखरीत पानाने ती घासावी असा विधी सांगितला आहे. ग्रीकांनीही घासले. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय डॉक्टरांनी पानाच्या जागी मोरचुदाचा खडा घेतला, आणि आपल्याकडील दवाखान्यांतून हा निळा खडा पापणीच्या आत फिरविण्याचा शिरस्ता विसाव्या शतकात बराच काळ टिकून होता. ज्यांनी तो अनुभवला त्यांना त्या आगीचे वर्णन करण्यास शब्द पुरत नसत. आणि आज विचार करता, दाणे फुटून त्या जागी आणखी व्रण निर्माण होण्यास या उपचाराने किती हातभार लावला असेल, हा विचार मनाला चाटून गेल्यावाचून राहत नाही. खरा पालट १९३८ च्या सुमारास झाला, जेव्हा अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या वसाहतींत सल्फा औषधांनी हा रोग हटतो असे दिसून आले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर टेट्रासायक्लीनचे मलम आले. परंतु हे मलम दिवसातून दोनदा, सहा आठवडे, तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत घालीत राहणे कोणत्या आईला साधेल? डोळा चुरचुरतो, दृष्टी तासभर धुरकट होते, मूल रडते, आणि आठव्या दिवशी मलमाची नळी फडताळात जाते.

१९९३ मध्ये आफ्रिकेतील गाम्बियात झालेल्या एका चाचणीने ही अडचण दूर केली. ॲझिथ्रोमायसिनची तोंडाने घेतलेली एकच मात्रा सहा आठवड्यांच्या मलमाइतकीच गुणकारी ठरली. १९९८ पासून हे औषध निर्मात्या फायझर कंपनीने या रोगाच्या निर्मूलनासाठी विनामूल्य देण्यास सुरुवात केली, आणि मोहिमेच्या दिवशी गावोगाव मुलांना खुणा केलेल्या काठीशी उभे करून, वजन न करता उंचीवरूनच मात्रा ठरविण्याची युक्ती रूढ झाली. सहा महिन्यांखालील अर्भकांना तेवढे अजून मलमच द्यावे लागते. औषध द्यावयाचे ते एकट्या रोग्याला नव्हे, साऱ्या गावाला. कारण एका मुलाचा डोळा बरा करून त्याला त्याच अंथरुणावर परत पाठविणे म्हणजे जंतूला पुढल्या महिन्याचे आमंत्रण देणे होय. एक ते नऊ वर्षांच्या मुलांत सक्रिय रोगाचे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली येईपर्यंत हे वाटप वर्षातून एकदा करावे, असा दंडक आहे. यातून एक अनपेक्षित गोष्टही बाहेर आली : नायजर, मलावी व टांझानियात केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांखालील मुलांना दर सहा महिन्यांनी हे औषध दिले असता बालमृत्यूच काही प्रमाणात घटल्याचे दिसले, आणि तो परिणाम नायजरमध्ये सर्वांत ठळक होता. त्याबरोबरच, एवढ्या प्रमाणात वाटलेल्या प्रतिजैविकाला इतर जंतू दाद देईनासे होण्याचा धोकाही वाढतो, आणि तो काल्पनिक नाही.

आत वळलेल्या पापणीवर मात्र गोळी चालत नाही. तेथे शस्त्रच लागते. याही बाबतीत सुश्रुताचा एक अध्याय विलक्षण वाचनीय आहे : ‘पक्ष्मकोप’ या विकारात पापणीवरील त्वचेचा जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा काढून, केसाने शिवून, टाक्यांचे दोर कपाळावरील पट्टीला बांधण्याचा विधी तेथे सांगितलेला आहे, आणि पापणीची कड बाहेर ओढून धरण्याची जी कल्पना त्यामागे आहे ती आजच्या शस्त्रक्रियेलाही परकी नाही. आज पापणीच्या कडेपासून थोडे वर छेद घेऊन खालचा भाग बाहेर फिरवून शिवला जातो. हा छेद पापणीच्या पूर्ण जाडीतून घ्यावा की केवळ आतल्या थरातून, याचा तुलनात्मक अभ्यास इथिओपियात झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, आतल्या थराच्या पद्धतीत वर्षभरात शेकडा तेरा, तर पूर्ण जाडीच्या पद्धतीत शेकडा बावीस जणांचे केस पुन्हा आत वळले. म्हणजे उत्तम हातांनी, उत्तम पद्धतीने केलेली शस्त्रक्रियाही सात-आठांतील एकाच्या बाबतीत वर्षाच्या आत फुकट जाते. हे अपयश शल्यवैद्याचे की रोगाचे, हा वाद चालू आहे. दोघांचेही आहे असे म्हणणे सुरक्षित आहे. शस्त्रक्रिया होईपर्यंत एखाददुसरा केस चिमट्याने उपटीत राहणे हा जुना उपाय अगदीच टाकाऊ नाही; परंतु चिमटा बोथट असला, केस मध्येच तुटला, तर उरलेले खुंट आधीच्या लांब, मऊ केसापेक्षा अधिक खुपते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरसुधारणा या चार अंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या धोरणाला ‘सेफ’ असे नाव दिले आहे. यांतील शेवटच्या दोहोंविषयी थोडे थांबून बोलावयास हवे, कारण त्यांच्याबद्दल सर्वांचे एकमत आहे आणि पुरावा तितकासा एकमुखी नाही. रोग पाण्याच्या टंचाईच्या, दाटीच्या, धुळीच्या मुलखातच वसतो, यात शंका नाही. डोळ्यांवर बसणारी जी माशी हा जंतू वाहून नेते, ती उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेत अंडी घालते, म्हणून शौचालये बांधावीत, हा युक्तिवादही निर्दोष आहे. युरोप व अमेरिकेत तर प्रतिजैविके येण्याच्या आधीच, नळाचे पाणी, वेगळ्या खोल्या आणि वेगळे टॉवेल यांच्याबरोबर हा रोग मागे हटू लागला होता. परंतु इथिओपियात एका विस्तृत चाचणीत निवडक वस्त्यांना पाणी, शौचालये व तोंडे धुण्याची शिकवण दिली गेली, तेव्हा तीन वर्षांनंतरही त्या वस्त्यांतील संसर्ग इतरांपेक्षा कमी झाल्याचे दिसले नाही. यावरून पाण्याचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे मूर्खपणाचे होईल. मला त्याचा अर्थ असा वाटतो की, जी सुधारणा युरोपात दोन पिढ्यांच्या समग्र राहणीमानाच्या पालटाने घडली, ती तीन वर्षांच्या मुदतीत, एक विहीर व एक साबणाची वडी देऊन घडवून आणता येत नाही. दारिद्र्य हे सुटे सुटे भाग काढून दुरुस्त करण्याजोगे यंत्र नव्हे.

आपल्या देशाची हकीकत या सर्वांहून अधिक आशादायक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश व गुजरात या प्रांतांत पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांच्या डोळ्यांत या रोगाच्या खुणा आढळल्या. आपल्या महाराष्ट्राचा क्रमांक या यादीत वर लागत नव्हता. उत्तरेकडील कोरडे, धुळीचे मैदान हेच या रोगाचे खरे वतन. १९५६ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला व त्याचे केंद्र अलीगढ येथे होते. १९६३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला, आणि १९७६ मध्ये तो अंधत्वनियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात विलीन झाला. १९७१ मध्ये देशातील अंधत्वापैकी शेकडा पाच या रोगाच्या खात्यावर होते. पुढे ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. २०१४ ते २०१७ या काळात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने जोखमीच्या २७ जिल्ह्यांत मुलांची तपासणी केली, तेव्हा सक्रिय रोग शेकडा ०.७ एवढाच आढळला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग भारतातून नाहीसा झाल्याचे मान्य केले. आग्नेय आशियाच्या विभागात नेपाळ व म्यानमार यांच्यानंतर हा मान मिळविणारा आपला तिसरा देश. या यशाचे श्रेय मलमाला किती, नळाला किती आणि हगणदारीमुक्तीला किती, याची वाटणी कोणी प्रामाणिकपणे करून देईल असे वाटत नाही.

मात्र सरासरीच्या आकड्यांखाली काय दडून राहते, याचे एक उदाहरण अवश्य स्मरणात ठेवावे. २०१० च्या सुमारास, मुख्य भूमीवर हा रोग जवळजवळ इतिहासजमा झालेला असताना, कार निकोबार बेटावर तपासणी केली गेली, आणि तेथील सुमारे निम्म्या बालकांच्या पापण्यांत सक्रिय खुपऱ्या निघाल्या. बेटावर सर्वांना ॲझिथ्रोमायसिन वाटण्यात आले व काही वर्षांत प्रमाण झपाट्याने खाली आले; पण कोणी पापण्या उलटून पाहिल्याच नसत्या, तर दफ्तरी ते बेट निर्मळच राहिले असते.

निर्मूलनाच्या कसोटीचे दुसरे अंग असे की, पंधरा वर्षांवरील लोकांत आत वळलेल्या केसांचे, आरोग्ययंत्रणेला अज्ञात असलेले रुग्ण दर हजारी दोनांहून कमी असावेत. यासाठी आपल्याकडे २०० जिल्ह्यांत स्वतंत्र पाहणी झाली. हजारी दोन हा आकडा लहान खरा. पण दहा लाख प्रौढांच्या जिल्ह्यात तो दोन हजारांच्या आसपास जातो, आणि हे दोन हजार लोक कोण असतात, तेही माहीत आहे. जगभरच्या पाहण्यांतून असे दिसते की, या अवस्थेला पोचणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट असते. त्याचे कारण स्त्रीच्या डोळ्याच्या रचनेत नाही. आयुष्यभर प्रथम धाकट्या भावंडांना, मग स्वतःच्या मुलांना, मग नातवंडांना जवळ घेऊन निजविण्यात आहे. जो संसर्ग मुलग्याला बालपणी होऊन संपतो, तो स्त्रीला तीन पिढ्यांच्या हातून पुन्हा पुन्हा मिळतो. अशा वृद्धा डोळा दुखतो म्हणून तक्रारही करीत नाहीत. पाणी गळते ते पदराने टिपतात, उन्हाकडे पाहवत नाही म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढतात, आणि घरच्या माणसांना वाटते, म्हातारपणी हे व्हायचेच.

अशा स्त्रिया वैद्याच्या दृष्टीस पडतात त्या बहुधा मोतीबिंदूच्या शिबिरात. तेथे रांग मोठी, वेळ थोडा, विजेरीच्या उजेडात बुबुळामागचा पांढरेपणा पाहिला की कपाळावर चिकटपट्टी लावून शस्त्रक्रियेची तारीख द्यावयाची, असा क्रम असतो. परंतु पापणीचा केस बुबुळावर घासत असताना मोतीबिंदू काढला, तर त्या ताज्या जखमेत जंतू शिरून सारा डोळाच गमावण्याचा संभव असतो. म्हणून आधी पापणी सरळ करावी, ती भरून येऊ द्यावी, आणि मग काही आठवड्यांनी भिंग बसवावे, हाच सुरक्षित क्रम होय. त्यासाठी शिबिराची रांग तपासणाऱ्या माणसाने विजेरी समोरून न धरता किंचित बाजूने धरावी. त्या तिरप्या उजेडात केस उजळतो, आणि तो डोळ्याच्या बाहेर आहे की आत, हे भिंगावाचूनही दिसते.